खरखरणारं रीलोडिंग यंत्र: वंगणाचा खर्च किती, नव्याचा किती

उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी तयार कराव्या लागतात आणि त्यासाठी अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांच्या बाकावर एक छोटं मोटारीचं यंत्र असतं. वरच्या बाजूला तीन किंवा पाच फिरती टोकं, आत एक मोटर, मोटरला जोडलेली गिअरची माळ. एका टोकावर पुंगळीच्या तोंडाची आतली कड घासायची, दुसऱ्यावर बाहेरची, तिसऱ्यावर प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसते तो खळगा साफ करायचा. दुकानात याला ‘केस प्रेप सेंटर’ म्हणतात. हॉर्नडी, आरसीबीएस, लायमन, फ्रँकफर्ड आर्सेनल असे सगळे ओळखीचे ब्रँड ते विकतात. नवं असताना ते घुमतं. वापर वाढला की खरखरतं, मग किंचाळतं, आणि बेसमेंटमधला आवाज वरच्या मजल्यावर झोपलेल्या मुलांपर्यंत पोचायला लागला की घरातून विचारणा होते: हे दुरुस्त करणार की नवं घेणार?

बहुतेक वेळा यातलं दुसरं करायची गरज नसते. आवाजाचं कारण साधारणपणे दोनच गोष्टींत असतं: गिअरच्या दातांत शिरलेला पितळेचा कीस आणि वाळून गेलेलं ग्रीस. दोन्हींवर मिळून पन्नास डॉलरच्या आत इलाज होतो, आणि एकदा सामान घरात आलं की पुढच्या प्रत्येक वेळचा खर्च पाच-सहा डॉलरवर येतो. फक्त ते पन्नास डॉलर नेमके कशावर घालवायचे हे समजून घ्यायला हवं, कारण चुकीच्या डब्यावर घातलेले सात डॉलर शंभर-दीडशेचं यंत्र खराब करू शकतात.

आधी व्हिसा पाहा

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी ही गोष्ट किमतीच्याही आधी येते. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायला भरली तर उत्पादकाचा परवाना लागतो. पण हे ज्यांना मुळात काडतुसं बाळगता येतात त्यांच्यासाठी. एच-१बी, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूकच नव्हे, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. याला काही ठरावीक अपवाद आहेत. अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना जवळ असणं हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. ऑफिसातला मित्र रेंजवर घेऊन जातो, त्याचं जुनं यंत्र स्वस्तात देऊ करतो, इथपर्यंत सगळं सहज घडतं. पण त्यापुढे जाण्याआधी आपला व्हिसा आणि आपल्या राज्याचा कायदा, दोन्ही वकिलाकडून तपासून घ्या. या चुकीची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही.

व्हिसाचा प्रश्न नसला तरी आपल्या काडतुसांना हे यंत्र लागतं का, तेही पाहा. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसळे डोळ्यांपुढे येतो. त्या प्रकारात .२२ ची रिमफायर काडतुसं वापरतात. त्यांत पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती पुंगळी एकदा वापरली की संपली. बाकावरचं हे यंत्र लागतं ते सेंटरफायर काडतुसांना, ज्यांच्या बुडात मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो. तुम्ही फक्त .२२ उडवत असाल, तर हे यंत्र घ्यायचं कारणच नाही.

आवाज ऐकून खर्च ठरतो

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी यंत्र नीट ऐका. सगळी कटर आणि ब्रश काढून ठेवा, बाकावर जाड टॉवेल घाला, त्यावर यंत्र ठेवा आणि अर्धा मिनिट मोकळं चालवा.

टॉवेलवर ठेवल्याबरोबर आवाज निम्मा झाला, तर दोष यंत्राचा नाही, बाकाचा आहे. पोकळ प्लायवूडचा बाक कंप वाढवतो आणि भिंतीला टेकलेला असेल तर तो शेजारच्या टाउनहाउसपर्यंत पोचवतो. यंत्राखालचे रबरी पाय कडक झाले असतील तर ते बदला आणि खाली दाट रबराचा तुकडा घाला. खर्च दहा-बारा डॉलर. यंत्र उघडायचीही गरज नाही.

टॉवेलवरही खरखर तशीच राहिली, वाळू चावल्यासारखा आवाज आला, तर गिअरमध्ये कीस आहे. हा सगळ्यांत नेहमीचा प्रकार आणि सगळ्यांत स्वस्तही. बारीक, उंच पट्टीतली चिरचिर, जी यंत्र तापल्यावर वाढते, ती कोरड्या पडलेल्या बुशची, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याची, असते. तेलाचे दोन थेंब पुरतात. ठरावीक अंतराने येणारी टकटक मात्र गंभीर. प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ होत असेल, तर कुठल्या तरी गिअरचा दात तुटला आहे किंवा दोन दातांमध्ये पितळेचा मोठा तुकडा चेपून बसला आहे. तुकडा निघतो, दात उगवत नाही.

आणि मोटर नुसती गुणगुणते, टोकं फिरत नाहीत, असं झालं तर त्याच क्षणी प्लग काढा. अडकलेली मोटर काही मिनिटांत तापते आणि तिची गुंडाळी जळते. पाच डॉलरचं काम तिथे शंभरावर जातं.

फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप असेल तर सुरुवातीलाच एक आकडा लिहून ठेवा. अमेरिकेच्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेचं आयफोनसाठीचं ॲप मोफत मिळतं. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबल आहे. मापन दोन्ही वेळा एकाच अंतरावरून करा, म्हणजे साफसफाईचा उपयोग झाला की नाही हे मनाला वाटण्यावर सोडावं लागत नाही.

सामानाची यादी आणि खरे पैसे

खालच्या किमती अमेरिकेतल्या साध्या हार्डवेअर दुकानातल्या आणि ढोबळ आहेत. वर विक्रीकर येतो: ऑरेगन किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा विक्रीकरच नाही, तर टेक्सासमध्ये राज्याचा आणि स्थानिक मिळून सव्वाआठ टक्क्यांपर्यंत जातो.

नायट्राइल हातमोज्यांचा शंभराचा खोका बारा डॉलर. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली चार डॉलर. नायलॉनचे ताठ ब्रश, जुन्या टूथब्रशच्या आकाराचे, पाच डॉलर. जुना टूथब्रश असेल तर शून्य, पण तो पुन्हा बेसिनवर जाता कामा नये. शिसं पुसण्यासाठी वेगळे मिळणारे ओले वाइप्स बारा डॉलर. प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस, तीन औंसांची ट्यूब, नऊ डॉलर. मोटरच्या बुशसाठी एसएई २० जातीचं तेल, लांब नळीच्या छोट्या बाटलीत, पाच डॉलर. एकूण सत्तेचाळीस. यातले हातमोजे, अल्कोहोल आणि ब्रश बहुतेक घरांत आधीपासून असतात. मग नवा खर्च सव्वीस डॉलरवर येतो. ग्रीसची ट्यूब आणि तेलाची बाटली वर्षानुवर्षं पुरते.

ग्रीसवर पैसे वाचवू नका. पांढरं लिथियम ग्रीस पाच डॉलरला मिळतं, आणि नायलॉन किंवा ॲसिटलच्या गिअरला ते सहसा अपायही करत नाही. प्रश्न आवरणाचा आहे. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या आवरणाला काही खनिज तेलं आणि फवाऱ्यातली द्रावणं सोसत नाहीत. स्क्रूच्या भोवती, जिथे आधीच ताण असतो, तिथे बारीक भेगा पडतात. म्हणून पीटीएफई मिसळलेलं, एनएलजीआय २ या घट्टपणाच्या श्रेणीचं सिंथेटिक ग्रीस घ्यावं. चार डॉलर जास्त जातात आणि पुढची चिंता मिटते. काळं मॉलिब्डेनमचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस मोटारगाडीसाठी ठेवा. इथे ते हाताला, पुंगळीला आणि सगळ्या बाकाला लागतं, शिवाय ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे मोटरजवळ ते नकोच.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक गॅरेजमध्ये असणारा तो निळा-पिवळा डबा. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन डिएगोत पाणी हटवण्यासाठी तयार झालेलं द्रावण. नावातले ‘डब्ल्यूडी’ म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. गंजलेला नट सोडवायला ते उत्तम. पण गिअरवर मारलं की ते असलेलं ग्रीस पातळ करून वाहवतं, उडून जाणारा भाग उडून जातो आणि मागे फार पातळ थर उरतो. त्या संध्याकाळी यंत्र शांत वाटतं, महिन्याभरात आधीपेक्षा जास्त ओरडतं. त्यात फवारा प्रायमरच्या डबीवर किंवा दारूवर गेला तर ती काडतुसं भरवशाची राहत नाहीत. रीलोडिंगच्या बाकाच्या आसपास फवाऱ्याचं कुठलंही वंगण नको, हे माझं ठाम मत आहे.

शिसं: या कामातला खरा धोका

यंत्र उघडण्याआधी हे नीट वाचा. बहुतेक सेंटरफायर प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट नावाचं शिशाचं संयुग असतं. बार उडाला की त्याची राख प्रायमरच्या खळग्यात आणि पुंगळीच्या आत बसते, आणि खळगे साफ करणारा ब्रश ती राख भुकटी करून थेट यंत्राच्या वरच्या पत्र्यावर पाडतो. तिथून ती फटींतून आत गिअरवर जाते. म्हणजे तुम्ही उघडणार आहात त्या डब्यात पितळेच्या किसाबरोबर शिशाची भुकटीही आहे.

लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेची सीडीसी ही संस्था २०२१ पासून दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा संदर्भ-आकडा वापरते, त्याआधी तो ५ होता. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं मुलांच्या बाबतीत म्हणताच येत नाही. म्हणून घरातलं काम असेल तर नियम कडक ठेवा.

कॉम्प्रेस्ड हवेचा डबा वापरायचा नाही. तो भुकटी हवेत उडवतो आणि ती नाकात जाते. घरातला व्हॅक्यूमही नाही, कारण साध्या फिल्टरमधून बारीक भुकटी मागून बाहेर पडते आणि मग तोच व्हॅक्यूम दिवाणखान्यात फिरतो. जे करायचं ते ओल्या वाइपने, पुसून. हातमोजे घालूनच. चहाचा कप त्या खोलीत आणायचा नाही. काम संपल्यावर हात साबण आणि गार पाण्याने धुवायचे. अल्कोहोलचं सॅनिटायझर जंतू मारतं, शिसं काढत नाही. अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम कधीच करायचं नाही, कितीही चांगला उजेड असला तरी. घरात गरोदर बाई किंवा रांगणारं मूल असेल तर काम गॅरेजमध्ये न्या, आणि थंडी असेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबा.

त्या बारा डॉलरच्या वाइप्सचं महत्त्व इथे आहे. यादीतली बाकी कुठलीही गोष्ट स्वस्तातली चालेल, ही नाही.

उघडणं आणि साफ करणं

बाकावरून दारूचे डबे आणि प्रायमर उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. अल्कोहोल पेट घेतं, मोटर ठिणगी टाकू शकते, आणि या तिन्ही गोष्टी एका बाकावर असायला नकोत. यंत्राचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

खाली वर्तमानपत्र घालू नका, ते फाटतं आणि कीस जमिनीवर सांडतो. कडा असलेला जुना बेकिंग ट्रे घ्या, जो पुन्हा ओव्हनमध्ये जाणार नाही. कटर आणि ब्रश काढून क्रमाने लावा. यंत्र उलटं करून तळपत्र्याचे स्क्रू काढा. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो घ्या, विशेषतः गिअर कुठल्या क्रमाने बसलेत आणि त्यांच्याखाली पातळ चकत्या आहेत का याचा. या चकत्या ग्रीसला चिकटून हातात येतात आणि हरवतात. यंत्र परत जोडल्यावर नवाच आवाज येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. स्क्रू लहान-मोठे असतील तर पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढा आणि त्या त्या जागी टोचून ठेवा.

आत जे दिसतं त्याने बरेच जण दचकतात: मधासारखं घट्ट झालेलं ग्रीस आणि त्यात चकाकणारा सोनेरी कीस. लोहचुंबक फिरवून काही हाती लागत नाही. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, त्याला चुंबक ओढत नाही. चुंबकाला जर काही चिकटलंच, तर थांबून पाहा. तो पोलादाचा कण कटरचा, बेअरिंगचा किंवा गिअरचा आहे, आणि ती वेगळी बातमी आहे.

जुनं ग्रीस प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. आइसक्रीमची काडीही चालते. मग ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून, झटकून, एकेक दात घासा आणि लगेच वाइपने टिपून घ्या. अल्कोहोल ओतायचं नाही. मोटरच्या दिशेने काहीच जाता कामा नये. ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रावण आणि गाडीचा ब्रेक क्लीनर हे तिन्ही इथे वर्ज्य. प्लॅस्टिक त्यांनी पांढरं पडतं, मऊ होतं किंवा चिरतं. या टप्प्याला वेळ द्या. घाईघाईने अर्धवट साफ केलेल्या गिअरवर नवं ग्रीस लावणं म्हणजे कीस आत कायमचा कोंडणं.

आता गिअर हाताने फिरवून पाहा. दात गोल झिजलेत का, कुठे तुटलाय का, गिअर दांड्यावर डुगडुगतो का. थोडीशी ढिलाई असतेच. पण अंगठ्याने हलवल्यावर गिअर बाजूला झुकत असेल तर आतलं बुश गेलं आहे.

ग्रीस किती? लोक इथे हात सैल सोडतात. पाच टोकांच्या सगळ्या माळेला मिळून एका मोठ्या हरभऱ्याएवढं ग्रीस पुरतं. दातांवर पातळ थर द्या, गिअर हाताने तीन-चार फेरे फिरवा, म्हणजे ते पसरतं. दातांच्या बाजूला ढीग जमला तर पुसून टाका. जास्तीचं ग्रीस फिरताना बाहेर फेकलं जातं, वरच्या टोकांपर्यंत चढतं, तिथून पुंगळीच्या तोंडाला लागतं आणि शेवटी दारूत मिसळतं. आवाज कमी करायच्या नादात काडतूस बिघडवायचं नाही.

दांडे ज्या बुशमध्ये फिरतात तिथे ग्रीस नाही, तेल. ही बुशं पुष्कळदा सच्छिद्र ब्राँझची असतात. धातूची भुकटी दाबून बनवलेली, त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरलेलं असतं आणि दांडा तापला की ते पाझरतं. ग्रीस लावलं तर छिद्रं बुजतात. एसएई २० तेलाचा एक थेंब, फार तर दोन. मग पाच मिनिटं थांबा, मुरू द्या, वर राहिलेलं टिपा.

तळपत्रा बसवताना स्क्रू आधी हाताने जुन्या आट्यांत बसवा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रूने नवे आटे पाडले की पकड जाते आणि सैल तळपत्रा स्वतःच खडखडू लागतो. यंत्र दोन मिनिटं मोकळं चालवा, वरची टोकं कोरड्या वाइपने पुसा, पुन्हा आवाज मोजा. पहिल्या दोन-चार पुंगळ्या टाकाऊ घ्या आणि त्यांच्या तोंडाच्या आत तेलकट काही लागलं आहे का ते पाहा.

या सगळ्याला पहिल्या वेळी एक अख्खी संध्याकाळ लागते. पुढच्या वेळी त्याहून बराच कमी वेळ.

बेअरिंग, कार्बन आणि थांबायची जागा

काही यंत्रांत, विशेषतः पुंगळी कापून ठरावीक लांबीला आणणाऱ्या मोटारीच्या ट्रिमरमध्ये, बुशऐवजी बॉल बेअरिंग असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना झाकण असतं. त्यात बाहेरून तेल घालायचा प्रयत्न करू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं. घासल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग बदलायचं. बाजूवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६०८ म्हणजे आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. स्केटबोर्डच्या चाकात हेच असतं, म्हणून ते स्वस्त आहे. दहांचं पाकीट आठ-दहा डॉलरला येतं, चांगल्या कंपनीचं एक चार ते सहाला. नंबरापुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्हीकडे पत्र्याचं झाकण, ‘२आरएस’ असेल तर रबराचं. पितळेच्या किसात रबराचं बरं.

मोटर कार्बन ब्रशवर चालणारी असेल तर बाजूला दोन टोप्या दिसतात. त्या उघडून कार्बन पाहायला खर्च नाही. झिजून अगदी आखूड झाला असेल तर जोडी सहा ते बारा डॉलरला मिळते. टोप्या दिसत नसतील तर मोटरमध्ये कार्बन नाही किंवा ती बंदिस्त आहे. तिथे थांबा. मोटरची गुंडाळी, वायरचे जोड, स्विच यांना घरी हात लावू नये. भिंतीतून १२० व्होल्ट येतात, आणि वाचणारी रक्कम त्या धोक्याच्या मानाने क्षुल्लक आहे.

आवाजाचं एक कारण यंत्रात नसतंच. कटर बोथट झालं की माणूस पुंगळी जोर लावून दाबतो, मोटरवर ताण येतो, गिअर कण्हतात. लष्करी पुंगळ्यांच्या प्रायमरभोवतीची दाबलेली कड काढताना तर हा जोर फारच लागतो. नवं कटर दहा ते वीस डॉलर. वंगण करूनही कामाच्या वेळीच आवाज येत असेल आणि मोकळं चालताना नाही, तर आधी कटर बदला. शिवाय प्रत्येक पुंगळी दर वेळी ट्रिम करायची गरज नसते. .२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच आहे आणि ती कापून १.७५० वर आणतात. कॅलिपरने मोजा आणि लांब झालेल्याच कापा. यंत्राचं निम्मं काम तिथेच वाचतं.

कंपनी, दुरुस्तीवाला की नवं

वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीला फोन करा. मोटारीच्या यंत्रांची वॉरंटी हाताने चालवायच्या अवजारांपेक्षा बऱ्याचदा कमी काळाची असते, म्हणून कागद काढून तारीख पाहा. ‘स्टिकर फाडलं तर वॉरंटी रद्द’ असं छापलेलं दिसलं तर गांगरू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार ग्राहकाने फक्त कंपनीचेच सुटे भाग किंवा तिचीच सेवा वापरावी अशी अट वॉरंटीला सहसा घालता येत नाही, आणि फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये अशी भाषा वापरणाऱ्या सहा कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती. तुम्ही स्वतः काही मोडलंत तर ती मोडतोड मात्र वॉरंटीत येत नाही. म्हणून आधी फोन. पुष्कळदा गिअर किंवा रबरी पाय कंपनी टपालाने नुसते पाठवून देते.

यंत्र कंपनीकडे पाठवायचं झालं तर खोक्याचा पाठवण्याचा खर्च पंधरा ते पंचवीस डॉलर धरा, परतीचा कोण देणार ते आधी विचारा. पाठवण्याआधी ते वाइपने नीट पुसा. समोर खोका उघडणाऱ्या माणसाच्या हातालाही शिसं लागतं. गावातला यंत्रं दुरुस्त करणारा किमान पन्नास ते शंभर डॉलर घेतो, आणि शिशाचं नाव काढलं की काही जण काम घेतच नाहीत. ते न सांगता काम देऊ नका.

नवं तीन टोकांचं यंत्र साधारण सव्वाशे ते दीडशे डॉलर, पाच टोकांचं दीडशे ते दोनशेच्या आसपास, आणि खास ट्रिमिंगचं उच्च दर्जाचं यंत्र पाचशेच्या वर. माझा हिशेब असा: साफसफाई, वंगण आणि एखादं बेअरिंग किंवा कटर मिळून सत्तर डॉलरच्या आत यंत्र शांत होत असेल, तर तेच ठेवा. गिअरचा दात तुटलाय आणि कंपनी तो भाग देत नाही, किंवा मोटर जळली आहे, तर दुरुस्तीवाल्याच्या दारात न जाता नवं घ्या. नवं घेताना टोकांच्या संख्येकडे कमी लक्ष द्या आणि कीस पडायला बाहेर निघणारा ट्रे आहे का, तळ सहज उघडतो का, सुटे गिअर मिळतात का, हे जास्त पाहा.

वापरलेले वाइप्स, हातमोजे आणि खरवडलेलं ग्रीस झिपच्या पिशवीत बंद करा आणि काउंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रावर द्या. बऱ्याच काउंट्यांमध्ये रहिवाशांकडून ते फुकट घेतात; वेबसाइटवर दिवस आणि वेळ असते.

भारतात कायमचे परत जाणाऱ्यांसाठी एक सूचना. हे यंत्र सामानाच्या कंटेनरमध्ये टाकू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय ते आणणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि आठवण म्हणून बॅगेत ठेवलेली रिकामी पुंगळीही विमानतळावर अडचणीत आणते. यंत्र साफ करून, वंगण करून इथेच विका. चांगल्या स्थितीतल्या यंत्राचे नव्याच्या निम्म्याच्या आसपास पैसे मिळायला हरकत नाही. ज्या बॅगा रेंजवर नेत होता त्यांचे सगळे कप्पे उलटे करून झटका, आणि शक्यतो त्या बॅगा विमानप्रवासाला वापरूच नका.